संगणक आपल्याच ताब्यात राहावा यासाठी काय करावे

पैसे मोजून घेतलेल्या संगणकावर आपला ताबा नेमका किती आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर एक संध्याकाळ त्याचे इंटरनेट तोडून पाहावे. वाय-फाय बंद करावे, केबल असल्यास काढून ठेवावी, यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे आणि मग नेहमीची कामे करायला घ्यावीत: एखादे जुने पत्र उघडून त्यात बदल करून जतन करणे, मागच्या वर्षीचे फोटो पाहणे, विकत घेतलेले पुस्तक उघडणे, एखादे पान छापणे. जिथे संगणक अडून बसेल, लॉग-इन मागेल किंवा फाइलीच्या जागी नुसते ढगाचे चिन्ह दाखवील, तिथली नोंद कागदावर करावी. यंत्राच्या नाड्या कुठे कुठे दुसऱ्याच्या हातात आहेत, ते या यादीतून बरेचसे कळते. मात्र एका संध्याकाळीत सगळे उघड होत नाही. सदस्यत्वावर चालणारे अनेक प्रोग्राम परवान्याची तपासणी ठरावीक अंतराने करतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ ला (वर्ड, एक्सेल वगैरेंचा सदस्यत्वावरचा संच) साधारण महिन्यातून एकदा तरी इंटरनेटशी संपर्क लागतो. त्यामुळे ज्या ज्या प्रोग्रामसाठी आपण दरमहा किंवा दरवर्षी पैसे भरतो, त्यांची नावे या यादीत हाताने लिहावी लागतात.

ही परिस्थिती एका दिवसात आलेली नाही. सॉफ्टवेअर विकले जात नाही, त्याचा फक्त वापर-परवाना दिला जातो, ही अट करारात फार पूर्वीपासून होती. पण सीडी हातात असे तोवर ती कोणाला जाणवत नव्हती. २०१० साली इंटेलने पेंटियम जी-६९५१ हा प्रोसेसर असा विकला की त्यातील काही क्षमता मुद्दाम बंद ठेवलेली होती आणि वेगळे कार्ड विकत घेऊन त्यावरचा संकेतांक टाकला तरच ती सुरू होई. टीका झाली आणि पुढच्याच वर्षी ती योजना गुंडाळली गेली. २०१३ च्या मे महिन्यात अ‍ॅडोबीने जाहीर केले की क्रिएटिव्ह सूटची (फोटोशॉप, इनडिझाइन वगैरे प्रोग्रामांचा संच) कायमस्वरूपी विकत घेता येईल अशी नवी आवृत्ती यापुढे येणार नाही, जे काही मिळेल ते सदस्यत्वावरच. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज ३६५ लिंक’ हा लहानसा डबा बाजारात आणला. तो कार्यालयांसाठी आहे. त्यात स्वतःच्या फाइली किंवा प्रोग्राम ठेवताच येत नाहीत, तो फक्त दूरच्या सर्व्हरवरील, सदस्यत्वाने मिळणारा संगणक पडद्यावर दाखवतो.

सदस्यत्व ही गोष्टच वाईट, असे माझे म्हणणे नाही. नियमित सुधारणा होत राहणाऱ्या सेवेसाठी नियमित पैसे देणे रास्त आहे. आपण विचारायला हवे ते एवढेच की पैसे थांबले, खाते बंद झाले किंवा कंपनीचा विचार बदलला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या हाती काय उरते. पुढील सर्व कामे याच प्रश्नाला धरून आहेत आणि ज्याचे नुकसान भरून येत नाही त्यापासून सुरुवात केली आहे.

आधी फाइली

यंत्र पुन्हा घेता येते, प्रोग्राम दुसरा शोधता येतो. स्वतःचे लेखन, फोटो आणि हिशेब गेले की गेले. म्हणून पहिले काम हे तपासण्याचे की आपल्या फाइली खरोखर आपल्या डिस्कवर आहेत का. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन केलेले असेल, तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही तीन फोल्डरे वनड्राइव्हमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरील साठवणीत (‘ढगात’), गेलेली असण्याची शक्यता मोठी आहे, आणि आपण ती कधी पाठवली हे आठवतही नसते. फाइल एक्सप्लोररमध्ये नावाशेजारचे चिन्ह नीट पाहावे. निळ्या ढगाचे चिन्ह असेल तर ती फाइल यंत्रावर नाही, फक्त तिचे नाव आहे. पांढऱ्या वर्तुळातील हिरवी खूण असेल तर फाइल सध्या यंत्रावर आहे, पण जागा कमी पडल्यास ती परत ढगात जाऊ शकते. भरीव हिरव्या वर्तुळातील पांढरी खूण असेल तरच ती कायम यंत्रावर राहणार. मॅकमध्ये आयक्लाउड या तशाच साठवणीचा ‘ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज’ हा पर्याय चालू असेल, तर हाच प्रकार तिथेही घडतो.

इथे कामांचा क्रम चुकू देऊ नये. प्रथम त्या फोल्डरांवर उजवी क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडावे आणि सर्व फाइली उतरेपर्यंत थांबावे. संग्रह मोठा असेल तर याला एक-दोन दिवसही लागू शकतात. त्यानंतर सर्व फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. मगच वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन फोल्डरांचा बॅकअप बंद करावा. तो बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसू लागला तर घाबरून जाऊ नये, कारण अनेकदा फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरातच राहिलेल्या असतात आणि त्या तिथून मूळ जागी हलवाव्या लागतात. कोणी घाईने आधी बॅकअप बंद करतो, मग जागा मोकळी करण्यासाठी ढगातील फाइली पुसतो आणि त्याच एकमेव प्रती होत्या हे नंतर कळते. ढग वापरायलाच हवा असे वाटत असेल तर जरूर वापरावा, पण तिसरी प्रत म्हणून.

गूगल डॉक्सचे प्रकरण याहून फसवे आहे. गूगल ड्राइव्हच्या फोल्डरात त्या दस्तऐवजांच्या फाइली दिसतात, त्या दुसऱ्या डिस्कवर ओढूनही घेता येतात, पण त्या फाइलींत मजकूर नसतो. त्या केवळ ऑनलाइन दस्तऐवजाकडे बोट दाखवतात. खाते बंद पडले की अशा हजार फाइली जपून ठेवूनही एक ओळ हाती लागणार नाही. यासाठी गूगल टेकआउट वापरावे, जे दस्तऐवज वर्ड, एक्सेल किंवा पीडीएफ स्वरूपात बदलून देते. हे काम वर्षातून निदान दोनदा करावे.

फाइल कुठे आहे याइतकेच ती कोणत्या स्वरूपात आहे हेही महत्त्वाचे असते. ओपन डॉक्युमेंट हे स्वरूप २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, पीडीएफ २००८ पासून. ही स्वरूपे अनेक प्रोग्राम उघडू शकतात आणि कोणत्याही एका कंपनीचे मिंधे राहावे लागत नाही. साधा मजकूर, सीएसव्ही तक्ते, जेपेग आणि टिफ चित्रे यांनाही तोच भरवसा आहे. मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक पाहावे: युनिकोड (कोणत्याही फॉन्टमध्ये मराठी अक्षरे तीच राहतील अशी संकेतपद्धती) येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेले जुने लेखन शिल्लक असेल तर तो फॉन्ट हाताशी आहे तोवर ते युनिकोडमध्ये बदलून घ्यावे. फॉन्ट गेला की अक्षरांच्या जागी रोमन चिन्हांची रास तेवढी उरते.

बाहेरच्या डिस्का दोन असाव्यात आणि त्यांतील एक नेहमी यंत्रापासून सुटी ठेवलेली असावी. प्रत घेतली म्हणजे काम झाले असे नव्हे. ती दुसऱ्या संगणकाला जोडून, चार-पाच फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात.

डिस्कच्या कुलपाची किल्ली

हा भाग बहुतेक मार्गदर्शकांत एका ओळीत उरकला जातो, म्हणून इथे थोडे थांबतो. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या बहुतेक यंत्रांवर, होम आवृत्तीतसुद्धा, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन करताच डिस्कचे कूटबद्धीकरण (एनक्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय मजकूर वाचता न येणारी कुलूपबंदी) आपोआप सुरू होते. चोरीपासून संरक्षण म्हणून ते चांगलेच आहे. अडचण अशी की ते सुरू झाल्याचे वापरणाऱ्याला बहुधा कळत नाही आणि कुलूप उघडणारी रिकव्हरी-की थेट त्या खात्यात जाऊन बसते. पुढे कधी मदरबोर्ड बदलला, फर्मवेअर (यंत्राच्या बोर्डातला मूळ प्रोग्राम) अद्ययावत झाले किंवा सिक्युअर बूट या सुरू होतानाच्या सुरक्षा-तपासणीच्या सेटिंगला हात लागला, की संगणक सुरू होताना एक निळा पडदा उभा राहतो. त्यावर किल्लीच्या ओळख-क्रमांकाचा काही भाग दिसतो आणि खाली रिकामी चौकट असते. तीत ४८ अंक भरावे लागतात, सहा-सहा अंकांचे आठ गट. ते अंक जवळ नसतील तर दुरुस्ती करणारा कितीही कुशल असला तरी त्याचे हात बांधलेले असतात, कारण डिस्कवरचे काहीही त्या अंकांशिवाय वाचता येत नाही. आणि अंक ज्या खात्यात आहेत ते खाते जुन्या, बंद झालेल्या फोन नंबरला जोडलेले असेल किंवा कंपनीने काही कारणाने गोठवलेले असेल, तर स्वतःच्या घरातील, स्वतःच्या डिस्कवरील, स्वतःच्या फाइलींना मुकण्याची वेळ येते.

म्हणून आज संगणक नीट चालू असतानाच पुढील गोष्ट करावी. सेटिंगमधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या भागात ‘डिव्हाइस एनक्रिप्शन’ चालू आहे का ते पाहावे. चालू असल्यास शोधचौकटीत ‘बिटलॉकर’ (विंडोजच्या या कुलपाचे नाव) असे टाकून उघडणाऱ्या पानावरून किल्लीची प्रत फाइलीत घ्यावी किंवा छापून घ्यावी. तिथे पर्याय न मिळाल्यास मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावर, उपकरणांच्या यादीत ती मिळते. ती कागदावर लिहावी, ओळख-क्रमांकासह लिहावी, आणि तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावा. किल्ली त्याच डिस्कवरील फाइलीत जतन करून काही उपयोग नाही, हे सांगायची गरज नसावी. तरीही ही चूक वारंवार होताना दिसते. मॅकच्या अनेक आवृत्त्यांत फाइलव्हॉल्ट (डिस्कचे तसेच कुलूप) चालू करताना किल्ली आयक्लाउडकडे सोपवायची की स्वतःजवळ ठेवायची, असा पर्याय दिलेला असतो. तिथे स्वतःजवळ ठेवण्याचा पर्याय घ्यावा आणि त्याबरोबर येणारी जबाबदारीही घ्यावी.

खाते आणि लॉग-इन

विंडोज ११ बसवताना मायक्रोसॉफ्टचे खाते टाळण्याच्या वाटा कंपनी एकेक करून बंद करत आली आहे, त्यामुळे बसवतानाच्या युक्त्यांवर विसंबू नये. बसवून झाल्यावर मात्र मार्ग सरळ आहे: सेटिंगमधील ‘अकाउंट्स’ भागात ‘अदर यूजर्स’ मध्ये जाऊन मायक्रोसॉफ्ट खात्याविना नवा वापरकर्ता तयार करावा, त्याला प्रशासकाचे अधिकार द्यावेत आणि त्याचा पासवर्ड लिहून ठेवावा. रोज कोणतेही खाते वापरले तरी कंपनीच्या सर्व्हरला न विचारता उघडणारे एक दार यंत्रावर असलेच पाहिजे. पूर्णपणे स्थानिक खात्यावर गेल्यास एक लक्षात ठेवावे की नव्या यंत्रावर सुरुवातीपासून केवळ स्थानिक खाते असेल, तर वरील आपोआप होणारे कूटबद्धीकरण प्रत्यक्ष लागू होत नाही. संरक्षण हवे असल्यास व्हेराक्रिप्टसारखा मुक्त प्रोग्राम वापरता येतो. पासवर्डांसाठी कीपासएक्ससी आहे, जो आपली सर्व नोंद एका कूटबद्ध फाइलीत, आपल्याच डिस्कवर ठेवतो.

सदस्यत्व सोडण्यापूर्वी

सदस्यत्व संपल्यावर प्रत्येक प्रोग्राम वेगळा वागतो आणि ते आधी माहीत असणे हिताचे आहे. मायक्रोसॉफ्ट ३६५ चे वर्ड आणि एक्सेल त्यानंतर फाइल उघडू देतात, छापू देतात. बदल करू देत नाहीत आणि नवी फाइलही बनवू देत नाहीत. फोटो सांभाळण्याचा व सुधारण्याचा लाइटरूम क्लासिक हा प्रोग्राम सुरू होतो, फोटो पाहता आणि बाहेर काढता येतात, परंतु ज्यासाठी तो घेतला तो ‘डेव्हलप’ विभाग बंद होतो. फोटोशॉप आणि पानांच्या मांडणीचे इनडिझाइन मुळी चालतच नाहीत. त्यामुळे रद्द करण्याचे बटण दाबण्यापूर्वी एक आठवडा स्थलांतरासाठी राखून ठेवावा. इनडिझाइनचे प्रत्येक काम पीडीएफ आणि आयडीएमएल अशा दोन्ही स्वरूपांत काढावे, कारण पीडीएफमध्ये रूप टिकते आणि आयडीएमएल दुसऱ्या काही मांडणी-प्रोग्रामांत उघडता येते. फोटोशॉपच्या थरांसह असलेल्या फाइली तशाच ठेवाव्यात, पण सोबत सपाट टिफ प्रतही काढावी. लाइटरूममधील संस्कार मूळ फोटोत नसून कॅटलॉगमध्ये असतात, म्हणून निवडक फोटो पूर्ण आकारात बाहेर काढल्याशिवाय तिथून निघू नये.

रद्द करण्याच्या अटीही वाचाव्यात. ‘वार्षिक, पण मासिक हप्त्याने’ अशा योजनेत मध्येच बाहेर पडल्यास दंड लागू शकतो. अशाच दंडाची माहिती ग्राहकांपासून दडवल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या शिफारशीवरून तिथल्या न्याय विभागाने जून २०२४ मध्ये अ‍ॅडोबीविरुद्ध खटला भरला. वार्षिक मुदत कधी संपते ती तारीख दिनदर्शिकेत लिहावी आणि तिच्या पंधरा दिवस आधी निर्णय घ्यावा.

पर्यायांविषयी माझे मत स्पष्ट सांगतो. लेखन, तक्ते आणि सादरीकरण यांसाठी लिबरऑफिस बहुतेकांना पुरेसे आहे. चित्रकलेसाठी क्रिटा, रेखाटनासाठी इंकस्केप, त्रिमितीसाठी ब्लेंडर ही साधने ‘फुकटची तडजोड’ म्हणून वापरावीत अशी मुळीच नाहीत; ती आपापल्या क्षेत्रात भक्कम उभी आहेत. छपाई-व्यवसायात मात्र समोरचा मुद्रक इनडिझाइनचीच फाइल मागत असेल, तर तत्त्वासाठी पोटावर पाय आणू नये. सदस्यत्व चालू ठेवावे, फक्त प्रत्येक काम संपताच वर सांगितलेल्या दोन प्रती काढण्याची शिस्त लावून घ्यावी. एकदा पैसे देऊन घेतलेल्या प्रोग्रामांची इन्स्टॉलर-फाइल आणि परवाना-क्रमांक बॅकअपच्या डिस्कवर ठेवावेत.

पुस्तके आणि खेळ यांबाबत थोडक्यात सांगायचे तर, ‘विकत घ्या’ असे बटण असले म्हणून मालकी मिळते असे नाही. अ‍ॅमेझॉनने जुलै २००९ मध्ये विकलेली काही पुस्तके वाचकांच्या किंडल या वाचनयंत्रांवरून दूरवरून पुसली; मायक्रोसॉफ्टचे ई-पुस्तकांचे दालन २०१९ मध्ये बंद झाले तेव्हा पैसे परत मिळाले, पुस्तके गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनने किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून घेण्याची सोयही काढली. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून अशा विक्रीत केवळ परवाना दिला जात असल्याचे स्पष्ट सांगणे कायद्याने बंधनकारक झाले आहे. कुलूप नसलेली प्रत मिळत असेल तिथूनच खरेदी करावी, जसे जीओजी या संकेतस्थळावरचे खेळ, ज्यांचे इन्स्टॉलर उतरवून जपून ठेवता येतात.

दुसरी कार्यप्रणाली चालवून पाहणे

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप किंवा मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर नसल्यामुळे कितीतरी धडधाकट संगणक विंडोज ११ साठी अपात्र ठरले. असे यंत्र टाकून देण्यापूर्वी त्यावर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली चालवून पाहावी. लिनक्स मिंट किंवा उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती उतरवावी, रुफस किंवा व्हेंटॉय वापरून ती रिकाम्या पेनड्राइव्हवर चढवावी, आणि संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावा. डिस्कला हात न लावता सगळे चालवून पाहता येते: वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर, झोपेतून जागे होणे. हे सर्व जमले तरच पुढे जावे, आणि तेव्हाही बॅकअप तपासल्याशिवाय डिस्क पुसू नये.

पेनड्राइव्हवरून यंत्र सुरूच होत नसेल तर अडथळा बहुधा सिक्युअर बूटचा असतो. हे संरक्षण यंत्राला फक्त ओळखीच्या सहीचा प्रारंभिक प्रोग्राम चालवू देते, आणि ती सही बहुतेक यंत्रांत मायक्रोसॉफ्टची असते. २०१२ मध्ये विंडोज ८ च्या वेळी साध्या पीसीवर हे संरक्षण बंद करण्याची सोय देणे उत्पादकांना अनिवार्य होते. विंडोज आरटीच्या (एआरएम प्रोसेसरवर चालणारी तेव्हाची आवृत्ती) यंत्रांवर मात्र ती सोय देण्याचीच मनाई होती. २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर पीसीसाठीची ती सक्ती उठली आणि निर्णय उत्पादकाच्या मर्जीवर गेला. मुख्य लिनक्स वितरणे (मिंट, उबुंटूसारख्या आवृत्त्या) सही केलेली असल्याने सिक्युअर बूट चालू ठेवूनही चालतात. काही नव्या लॅपटॉपांत फक्त फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये ‘थर्ड पार्टी’ प्रमाणपत्राला परवानगी द्यावी लागते. या सहीसाठीची मायक्रोसॉफ्टची २०११ सालची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून मुदतबाह्य होऊ लागतात आणि त्यांची जागा २०२३ ची प्रमाणपत्रे घेतात. त्यामुळे यंत्र लगेच बंद पडत नाही, पण फर्मवेअर अद्ययावत करून ठेवणे शहाणपणाचे. यांपैकी कोणत्याही सेटिंगला हात लावण्यापूर्वी ४८ अंकांचा तो कागद समोर काढून ठेवावा.

घेताना

नव्या संगणकाच्या माहितीपत्रकात दोन गोष्टी शोधाव्यात: मेमरी बदलता येते का आणि डिस्क बदलता येते का. २०२० च्या एम-१ पासूनच्या अ‍ॅपलच्या यंत्रांत मेमरी प्रोसेसरसोबतच बसवलेली असते, आणि आतील साठवण निकामी झाल्यास बाहेरच्या डिस्कवरूनही ती सुरू होत नाहीत. इतर कंपन्यांच्या पातळ लॅपटॉपांतही मेमरी पुष्कळदा बोर्डावर डाखलेली असते. याउलट फ्रेमवर्क ही कंपनी २०२१ पासून असे लॅपटॉप विकते की त्यांचे बहुतेक भाग ग्राहकाला स्वतः बदलता येतात. तेवढे नको असेल तरी डिस्क बदलता येणारे यंत्रच घ्यावे, एवढा आग्रह मी धरीन.

प्रिंटरबाबत अधिकच सावध राहावे. एचपीच्या इन्स्टंट इंक या मासिक शाई-योजनेतून बाहेर पडल्यावर त्या योजनेची कार्ट्रिज शाई शिल्लक असूनही चालेनाशी होतात, आणि एचपी प्लस स्वीकारलेल्या प्रिंटरला सतत इंटरनेट व कंपनीचीच शाई लागते. खोक्यावर खाते किंवा इंटरनेटची अट छापलेली असेल तर ते खोके परत ठेवावे.

वापरलेला लॅपटॉप घेताना विक्रेत्याला आपल्यासमोर तो मूळ स्थितीत आणायला सांगावे आणि वाय-फाय जोडून सुरुवातीचे टप्पे पुढे न्यावेत. एखाद्या संस्थेच्या ताफ्यातून आलेल्या यंत्राची नोंद विंडोज ऑटोपायलटमध्ये (संस्थांना आपली यंत्रे दुरून सांभाळू देणारी सेवा) शिल्लक असेल, तर पडद्यावर त्या संस्थेचे नाव येऊन तिचे लॉग-इन मागितले जाते. मॅकमध्ये अ‍ॅक्टिव्हेशन लॉक शिल्लक असल्यास मूळ मालकाचे अ‍ॅपल खाते मागितले जाते. क्रोमबुक असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये अद्ययावत होण्याची अंतिम तारीख दिलेली असते, तीही वाचावी. नवे खाते तयार करण्याचा पडदा बिनतक्रार समोर येईपर्यंत पैसे देऊ नयेत, आणि विक्रेता ‘घरी जाऊन करा, होऊन जाईल’ असे म्हणू लागला तर तो लॅपटॉप तिथेच सोडावा.